कमाई आणि विद्या : विद्यार्थ्यांच्या अर्थार्जनाची मराठी परिभाषा
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

१. विषयाची मांडणी

‘विद्यार्जन’ आणि ‘अर्थार्जन’ हे दोन शब्द मराठीत एकाच घडणीचे आहेत. दोहोंचे उत्तरपद एकच. भेद केवळ पूर्वपदाचा. असे असूनही व्यवहारात या दोहोंमध्ये एक क्रम मानला गेला आहे. विद्या आधी संपादावयाची आणि अर्थ मागाहून, असा हा क्रम होय. जो विद्यार्थी ही दोन्ही अर्जने एकाच वेळी करतो, त्याला ओळखण्यासाठी मराठीत स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही. मदतीच्या आवाहनांत आणि वसतिगृहांच्या अहवालांत त्याचा उल्लेख ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ या ठरीव जोडीने होतो. या जोडीतील पहिले विशेषण त्याच्या घरची स्थिती सांगते व दुसरे त्याच्या भविष्याविषयी आशा व्यक्त करते. तो आज काय करतो, हे दोहोंपैकी एकही विशेषण सांगत नाही.

विद्यार्थ्याने शिकत असताना उपाहारगृहात, खानावळीत, मद्यगृहात किंवा दुकानात काम करावे काय, आणि केल्यास त्याचा लाभ कोणता, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा मानला जातो. परंतु त्याला भाषेचीही एक बाजू आहे. समाज एखाद्या कामास कोणत्या नावाने ओळखतो, यावर ते काम करणारा ते उघडपणे सांगेल की लपवील, हे पुष्कळसे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ही बाजू बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात तपासली आहे.

२. परिसर

हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, नीरा व भीमा या नद्यांच्या दरम्यान वसले आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बागायती शेती सुरू झाली. पुढे ऊस आला आणि उसामागून साखर कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावे कारखान्यांवरूनच सर्वदूर परिचित झाली आहेत. वालचंदनगर ही तर एका उद्योगसमूहाने माळरानावर वसविलेली नगरी होय. मात्र कालवा सर्व गावांना लाभला नाही. बारामती तालुक्याचा सुपे-मोरगावकडील भाग जिराईत राहिला. एकाच महाविद्यालयाच्या एकाच बाकावर बागायतदाराचा मुलगा आणि जिराईत गावातील शेतमजुराची मुलगी शेजारी बसतात, ते या भूगोलामुळे.

उच्च शिक्षणाची सोय येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, आणि विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांचे महाविद्यालय आहे. त्यामुळे जो विद्यार्थी पूर्वी शिक्षणासाठी पुण्यास जात असे, तो आता एस. टी. ने तालुक्याच्या गावी येतो व संध्याकाळी परततो. त्याच्या अर्थार्जनाचे स्वरूपही तदनुसार बदलले. बारामतीचे बसस्थानक, भिगवण रस्ता, औद्योगिक वसाहत. तसेच इंदापूर तालुक्यातून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग, ही कामाची नवी ठिकाणे झाली. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाल्यावर त्याचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले. त्यात कित्येक गावे बुडाली. त्याच पाण्यातील मासळीवर आज भिगवण परिसरातील खानावळी चालतात. वाढप, गल्ला, हिशेब, पार्सल बांधणे ही कामे करण्यास तेथे हात लागतात, आणि हे हात पुष्कळदा शिकणाऱ्या तरुणांचे असतात.

३. जुने शब्द

विद्यार्थ्याने काम करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. शब्द मात्र वेळोवेळी बदलले. संस्कृतातील ‘अन्तेवासी’ म्हणजे गुरूच्या समीप राहणारा. समिधा आणणे, गाई राखणे ही कामे त्या राहण्यातच अनुस्यूत होती, म्हणून त्यांना निराळे नाव नव्हते. फार्सीतून आलेला ‘शागीर्द’ हा शब्द याहून बोलका आहे. त्याचा मूळ अर्थ शिष्य. परंतु ‘शागीर्दपेशा’ हा सामासिक शब्द मराठी दप्तरांत नोकरचाकरांच्या वर्गास लावलेला आढळतो. शिष्य आणि सेवक यांतील अंतर किती अल्प मानले जाई, हे या एका शब्दावरून ध्यानात येते. ‘उमेदवार’ हाही फार्सी शब्द. ज्याला उमेद, म्हणजे आशा आहे, तो उमेदवार. निवडणुकीत तो आला त्यापूर्वी, कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी अथवा अल्प पगारावर काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रयोग या अर्थाने आजही समजतो.

विद्वत्तेवर निर्वाह करण्याची परंपराही या भूमीस अपरिचित नाही. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीस नाईकांच्या आश्रयाने राहिले व पुराणिकाचे काम करीत राहिले. पुराणिकी ही ‘वृत्ती’ मानली जाई. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. आजच्या ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाचे उत्तरपद तेच आहे.

विद्यार्थिदशेतील निर्वाहाचे दोन प्रसिद्ध मार्ग म्हणजे माधुकरी व वार. मधुकर, म्हणजे भ्रमर, ज्याप्रमाणे फुलाफुलातून थोडा थोडा मध घेतो, त्याप्रमाणे घरोघर जाऊन शिजविलेले अन्न थोडे थोडे मागणे ही माधुकरी. आठवड्यातील प्रत्येक वार एकेका घरी नेमून घेऊन तेथे जेवावयास जाणे म्हणजे ‘वार लावून जेवणे’. पुण्यात शिकलेल्या कित्येक पिढ्या या मार्गांनी वाढल्या. १९०९ साली पुण्यात निघालेले अनाथ विद्यार्थी गृह हे अशाच निर्धन विद्यार्थ्यांसाठी होते. परंतु या व्यवस्थेची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. माधुकरी व वार यांचा लाभ प्रायः ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता मर्यादित होता. ज्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्यास परक्याच्या ओसरीवर वार लागणे शक्य नव्हते. म्हणून बहुजन समाजातील व अस्पृश्य गणलेल्या जातींतील मुलांसाठी निराळीच वाट काढणे प्राप्त होते.

४. ‘कमवा व शिका’ : एका घोषणेचे व्याकरण

ही वाट प्रशस्त करणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि स्वतःच्या श्रमाने वसतिगृहाचा भार उचलीत. स्वयंपाक, शेती, बांधकाम यांपैकी कोणतेही काम कमी प्रतीचे मानले जात नसे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा हेच तत्त्व उच्च शिक्षणात आले. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही ग्रामीण विद्यार्थ्यांच्या स्वावलंबनावर भर दिला. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची जी योजना संलग्न महाविद्यालयांत चालते, तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव आहे. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग येथे ठरावीक तास काम आणि त्याचा तासाप्रमाणे मोबदला, असे तिचे स्वरूप आहे.

‘कमवा व शिका’ ही घोषणा भाषिक दृष्ट्या विचारार्ह आहे. तीत दोन आज्ञार्थी क्रियापदे आहेत आणि त्यांना जोडणारे अव्यय समुच्चयबोधक आहे. याच आशयाची अन्य वाक्ये मराठीत सहज संभवली असती. ‘कमवून शिका’ असे म्हटले असते, तर कमाई ही शिक्षणाची पूर्वअट ठरली असती. ‘शिकत शिकत कमवा’ म्हटले असते, तर शिक्षण हे कमाईच्या सोबतीने चालणारे गौण कार्य झाले असते. ‘शिकण्यासाठी कमवा’ या रचनेत कमाई हे निव्वळ साधन उरले असते. प्रत्यक्ष घोषणेत दोन्ही क्रियापदे समान दर्जाची आहेत. एक दुसऱ्याचे विशेषण नाही आणि साधनही नाही. शिवाय ‘कमवा’ हे पद प्रथम आले आहे. जो क्रम समाजाने विद्या आणि अर्थ यांमध्ये लावला होता, तो येथे उलटला आहे. जगात इतरत्रही असे प्रयोग झाले. अमेरिकेतील टस्कगी येथे १८८१ पासून बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून शाळेच्या इमारती उभारल्या. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयात आजही प्रत्येक विद्यार्थ्यास काम करावे लागते व शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही. १९३७ साली वर्ध्यास मांडली गेलेली नई तालीम आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पुरस्कारलेला कार्यानुभव, हे याच विचाराचे भारतीय आविष्कार होत.

५. ‘कमावणे’ या धातूचा अर्थविस्तार

या घोषणेतील क्रियापदाचा अर्थ ‘पैसा मिळविणे’ एवढाच घेतल्यास अर्धा आशय हातचा जातो. ‘काम’ आणि ‘कमावणे’ ही एकाच कुळातील पदे. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ हा त्यांचा पूर्ववंश. मराठीत ‘कमावणे’ या क्रियापदाचा विनियोग पाहिला असता त्याचे दोन गट पडतात. ‘पैसा कमावणे’, ‘नाव कमावणे’ यांत बाहेरून काही मिळविणे अभिप्रेत आहे. ‘कातडे कमावणे’, ‘शरीर कमावणे’, ‘आवाज कमावणे’, ‘जमीन कमावणे’ यांत मात्र जी वस्तू आहे, तिलाच श्रमाने पक्व, चिवट व उपयोगी करणे हा अर्थ आहे. कमावलेले कातडे कुजत नाही. कमावलेला आवाज फाटत नाही. म्हणजे पहिल्या गटात कमावणाऱ्याच्या हाती काही येते, आणि दुसऱ्या गटात कमावली जाणारी वस्तू बदलते.

विद्यार्थ्याच्या कामाचे लाभ या दोन अर्थांनुसार मांडता येतात. पहिला लाभ उघड आहे. एस. टी. चा पास, परीक्षेचे शुल्क, पुस्तके, मेसचे पैसे यांसाठी घरी हात पसरावा लागत नाही. जिराईत गावात पाऊस चुकला म्हणजे मुलीचे शिक्षण प्रथम थांबते. तिच्या हाती स्वतःचे चार पैसे असले, तर तो निर्णय सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती राहत नाही. दुसरा लाभ कमावले जाण्याचा. उपाहारगृहात दुपारी गर्दीच्या वेळी पाच टेबलांच्या मागण्या ध्यानात ठेवणे, त्यांचा क्रम लावणे, रागावलेल्या गिऱ्हाइकापुढे आवाज न चढविणे, रात्री गल्ल्याचा मेळ बसविणे, या गोष्टी पाठ्यक्रमात नाहीत; तथापि पदवीनंतर ज्या गुणांची अपेक्षा केली जाते, ते हेच होत. ‘गल्ला’ या शब्दाचा प्रवासही येथे सूचक आहे. मूळ अर्थ धान्य. पुढे दुकानदाराची पैशाची पेटी. ज्याच्या हाती गल्ला दिला जातो, त्याच्यावर विश्वास टाकला जातो. विद्यार्थ्याच्या आयुष्यात घराबाहेर टाकला गेलेला हा पुष्कळदा पहिलाच विश्वास असतो.

६. उपाहारगृहातील भाषाव्यवहार

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास याहूनही महत्त्वाचा वाटावा असा लाभ भाषिक आहे. वाढप्याला एकाच वेळी तीन प्रकारच्या श्रोत्यांशी तीन रीतींनी बोलावे लागते.

पहिला श्रोता गिऱ्हाईक. ते बहुधा अपरिचित असते. त्याचे वय, मान, गाव ठाऊक नसते. मराठीत द्वितीय पुरुषी क्रियापद योजावयाचे, तर ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते. वाढपी ही अडचण व्याकरणानेच सोडवितो. ‘काय घेणार?’ या प्रश्नात कर्ता नाही व साहाय्यक क्रियापदही नाही. ‘-णार’ प्रत्ययान्त रूप लिंग, वचन व पुरुष यांनुसार बदलत नाही. म्हणून ते शाळकरी मुलास आणि वृद्ध गृहस्थास सारखेच लागू पडते. ‘काय आणू?’, ‘आणखी काही?’ या रचनाही त्याच जातीच्या. जेथे संबोधन अटळ होते, तेथे नात्याचे शब्द उपयोगी पडतात: ‘मामा’, ‘दादा’, ‘ताई’, ‘मावशी’, गावाकडच्या माणसास ‘पाव्हणं’, व्यापाऱ्यास ‘शेठ’, हुद्देवाल्यास ‘साहेब’. यांपैकी कोणते कोणास लावावे याचा निर्णय क्षणार्धात करावा लागतो आणि चुकल्यास त्याची किंमत तत्काळ कळते.

दुसरा श्रोता भटारखाना. तेथे क्रियापदच गळते. ‘दोन मिसळ, एक जादा पाव’, ‘चार भाकरी, एक सुकट’ अशी संख्या व नाम यांची साखळी उरते. येथे अनेकवचनाचा प्रत्ययही पुष्कळदा लागत नाही. घरी ‘चार भाकऱ्या’ म्हणणारा मुलगा भटारखान्याकडे वळून ‘चार भाकरी’ म्हणतो. येथे ‘भाकरी’ हे पदार्थाचे नाव राहत नसून मागणीचे एकक बनते. ‘दोन शेर’, ‘चार वार’ यांतील परिमाणवाचक नामांप्रमाणे ते अविकृत राहते. तिसरा श्रोता गल्ल्यावरील मालक. त्याच्याशी बोलताना माणूसच लोपतो आणि मेजाचा क्रमांक उरतो: ‘चार नंबरला बिल’, ‘सहा नंबर उठला’. आश्रयावरून आश्रिताचा बोध करून देणारी ही लक्षणा होय. अलंकारशास्त्रात तिची उदाहरणे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी ती रोज अनायासे येते.

यात बोलीचाही प्रश्न आहे. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘आल्तो’, ‘गेल्ता’ ही रूपे घेऊन महाविद्यालयात आलेला विद्यार्थी वर्गात पुष्कळदा मौन पत्करतो. कारण आपण तोंड उघडले की चूक होईल, अशी धास्ती त्यास असते. महामार्गावरील खानावळीत तोच विद्यार्थी पुण्याच्या प्रवाशाशी प्रमाण मराठीत, सोलापूरकडून आलेल्या कन्नड वा तेलुगू भाषकाशी हिंदीत आणि गावच्या माणसाशी स्वतःच्या बोलीत बोलतो. बोली टाकून प्रमाणभाषा घ्यावयाची, असा पर्याय तेथे उद्भवत नाही. प्रसंगानुसार एकातून दुसरीत जाणे हेच तेथील कौशल्य असते. भाषाशिक्षणाने जे साधावयाचे, ते वर्गात साधत नाही आणि वर्गाबाहेर साधते, ही गोष्ट अध्यापकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

७. ‘पोऱ्या’ आणि ‘उष्टे’

लाभांची गणना करताना कामाभोवतीची अप्रतिष्ठा नजरेआड करता येत नाही. उपाहारगृहात टेबल पुसणाऱ्यास ‘पोऱ्या’ म्हणतात. हा शब्द मूळचा वयाचा. येथे तो हुद्द्याचा झाला. इंग्रजी ‘बॉय’ व फ्रेंच ‘गार्सों’ यांचाही प्रवास असाच झाला आहे. सेवा करणारा कितीही वयाचा असो, त्यास लहान लेखावयाचे, ही प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. याउलट ‘वाढपी’ हा शब्द पंक्तीच्या व्यवहारातून आला व तो प्रतिष्ठित आहे. लग्नकार्यात पंक्तीत वाढणे हा मान असतो. संत तुकारामांची पालखी आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हा वारकऱ्यांना वाढण्यास सधन घरचे तरुणही पुढे सरसावतात. कृती तीच, एकीस सेवा म्हणतात व दुसरीस नोकरी.

याच्या मुळाशी ‘उष्टे’ ही कल्पना आहे. परक्याचे उष्टे उचलणे हे जातिव्यवस्थेने विशिष्ट जातींच्या माथी मारलेले काम होते, आणि चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठी निराळ्या कपबश्या ठेवण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. या पार्श्वभूमीवर सर्व जातींच्या तरुणांनी एकाच मोरीत सर्वांच्या कपबश्या विसळणे याला सामाजिक अर्थ आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात जे जाणीवपूर्वक घडविले गेले, ते येथे व्यवसायाच्या ओघात घडते. मात्र जोवर असे काम गरिबांचीच मुले करतात, तोवर हा लाभ अपुरा राहतो. बागायतदाराचा मुलगा सुटीत गल्ल्यावर बसेल; मोरीवर बसेल काय, या प्रश्नाच्या उत्तरातच श्रमप्रतिष्ठेची खरी परीक्षा आहे.

विद्यार्थी स्वतःच्या कामाविषयी कसे बोलतात, तेही पाहण्याजोगे आहे. ‘कामाला जातो’ म्हटले की मजुरी सूचित होते. ‘नोकरीला आहे’ म्हटले की स्थैर्य. ‘हॉटेलात आहे’ म्हटले की माणूस आणि ठिकाण एक होतात. म्हणून तरुण ‘पार्ट टाइम जॉब करतो’ असे म्हणणे पसंत करतात. परभाषेतील शब्दास मराठी समाजरचनेचा इतिहास चिकटलेला नसतो. त्याच्या आडोशाला काम सांगता येते व नेमके कोणते काम, हे सांगावे लागत नाही.

८. परमिट रूम

मद्यगृहातील कामाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘परमिट रूम’ ही पाटी महामार्गावर जागोजाग दिसते. हे नाव १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे अपत्य आहे. मद्यपान निषिद्ध व परवानाधारकासच मुभा, अशी ती व्यवस्था होती. बंदी सैल झाली, तरी पाटीवरील ‘परमिट’ कायम राहिले. मद्यगृहात पगाराखेरीज बक्षिशी अधिक मिळते आणि कामाची वेळ संध्याकाळनंतरची असल्याने ती महाविद्यालयाच्या तासांशी आदळत नाही. पेयांची नावे, मापे, दर, परवान्याचे नियम, ही माहितीही हॉटेल-व्यवस्थापन शिकणाऱ्यास उपयुक्त असते. याखेरीज मद्यधुंद माणसास न दुखविता आवरणे हे संभाषणकौशल्याचे अवघड उदाहरण होय.

उलट बाजूही तितकीच सबळ आहे. रात्र उशिरापर्यंत चालते. त्या वेळी गावाकडे एस. टी. नसते, सकाळच्या तासाला झोप आवरत नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ वर्षांची व अन्य विदेशी मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. जो पदार्थ स्वतः घेण्यास कायदा ज्यास अपात्र मानतो, त्याने तो इतरांस वाढावा, ही विसंगती पदवी वर्गातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रकर्षाने जाणवते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २००७ सालचा अनुज गर्ग खटल्यातील निर्णय उद्बोधक आहे. दिल्लीस लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे तिसावे कलम मद्यप्राशनाच्या जागी २५ वर्षांखालील पुरुषास आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस कामावर ठेवण्यास मनाई करीत होते. स्त्रियांवरील ही बंदी घटनाविरोधी ठरली. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीची उपजीविका हिरावून घेण्याऐवजी तिला सुरक्षितपणे काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे कर्तव्य होय, असा त्या निर्णयाचा रोख आहे. भाषिक दृष्ट्या पाहता त्या कलमात सर्व स्त्रिया आणि कोवळे पुरुष एका वर्गात बसविले होते. ‘पोऱ्या’ या शब्दामागील दृष्टी कायद्यातही कशी उतरते, याचे ते उदाहरण होते.

९. मर्यादा आणि मोबदल्याची नावे

कमाईचा पुरस्कार करताना बालकामगार आणि कमावता विद्यार्थी यांतील सीमारेषा पुसली जाता कामा नये. चौदा वर्षांखालील मुलांस ढाबे व उपाहारगृहे यांत कामावर ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली, व २०१६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक साहाय्यादी मोजके अपवाद सोडता ही बंदी सर्व व्यवसायांस लागू झाली. प्रौढांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने मुळात दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. मात्र त्याचा मुख्य भाग मुळातच दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू होता, आणि महामार्गावरील अनेक खानावळी याहून लहान असतात. शिवाय जो पूर्णवेळ कामगारास सोसवतो, तो भार विद्यार्थ्यास सोसवतोच असे नाही.

शोषणाची सुरुवात पुष्कळदा शब्दांच्या संदिग्धतेतून होते. ‘पगार’ हा पोर्तुगीज मूळाचा शब्द. त्यात ठरलेली रक्कम व ठरलेला दिवस अभिप्रेत आहे. ‘मजुरी’ दिवसाची किंवा कामाची. ‘विद्यावेतन’ शिकणाऱ्यास शिकण्याबद्दल मिळते. ‘मानधन’ या शब्दात मान आधी व धन मागाहून येते, म्हणून ते कितीही अल्प असले तरी तक्रार करता येत नाही. ‘बक्षिशी’ देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ‘जेवूनखाऊन’ हा करार तर रकमेचा उल्लेखच टाळतो. विद्यार्थ्यास कामावर घेताना यांपैकी कोणता शब्द योजला गेला, हे त्याने पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. कारण महिनाअखेरीस वाद उद्भवला, तर त्याचा हक्क त्या एका शब्दावर ठरतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. विद्यार्थ्याच्या कामाचे लाभ आर्थिक आहेत, तसेच ते चारित्र्याचे व भाषेचे आहेत. ‘कमावणे’ या एका क्रियापदात हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून नांदत आहेत. दुसरे असे की, या लाभांना वेळ, वय, सुरक्षितता व ठरलेला मोबदला यांची चौकट हवी. तिच्या अभावी ‘कमवा’ उरते व ‘शिका’ गळून पडते. तिसरी गोष्ट विद्यापीठीय विभागांच्या अखत्यारीतील आहे. विद्यापीठाच्या योजनेत ग्रंथालयात पुस्तके लावणारा विद्यार्थी नोंदला जातो. भिगवणच्या खानावळीत वाढणारा नोंदला जात नाही. दोघेही कमवितात व शिकतात. उपस्थितीचा विचार करताना, तासांची वेळ ठरविताना, क्षेत्रकार्याचे विषय देताना या दुसऱ्या विद्यार्थ्याची दखल घेणे कठीण नाही. संबोधनपद्धती, मागणीची वाक्यरचना, बोलींतील ये-जा या विषयांवर त्याच्याइतकी सामग्री रोज दुसऱ्या कोणाच्या कानी पडत नाही. ती त्याने वर्गात मांडावी, असे त्यास सांगितले गेले, तर जे काम तो आज ‘पार्ट टाइम’ या शब्दाआड ठेवतो, ते त्याच्या अभ्यासाचा भाग होईल, आणि त्याचे खरे नाव घेण्यास त्याला संकोच वाटणार नाही.